सतरा तारखेचं स्तोत्र

स्मरणिकेसाठी लिहा असा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा बोर्डिंगची पहाटेची घंटा आठवली. साडेपाचला घंटा, थंडीत नगरचं पाणी हाताला चावायचं, आणि मग हॉलमध्ये सतरंजीवर बसून बायबलातली स्तोत्रं. आमचे वॉर्डनसाहेब जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथातल्या, घरातले, त्यांनी भिंतीला एक तक्ता लावला होता. दीडशे स्तोत्रांचे साठ भाग, रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, म्हणजे ३० दिवसांत सगळी स्तोत्रसंहिता होते, ३१ तारीख आली की ३०चीच परत. ही वाटणी इंग्लंडात १५४९च्या प्रार्थना-पुस्तकात आली, त्याआधी मठातले लोक तर दीडशेच्या दीडशे एका आठवड्यात म्हणायचे, हे मला फार नंतर सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणाच्या कॉलेजात, कळलं. आम्हा पोरांना फक्त एवढंच माहीत की २४च्या संध्याकाळी ११९वं सुरू झालं की २६च्या संध्याकाळशिवाय सुटका नाही, १७६ ओव्या आहेत त्यात! आणि रात्री जेवणानंतर पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी टिळकांची भजनं. नारायण वामन टिळक किती वर्षं आपल्या नगरात राहिले, त्यामुळे ती गाणी आम्हाला घरचीच वाटायची.

मी पुढे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झालो आणि तो तक्ता माझ्याबरोबर आला. पण खरं सांगतो, पाळक झाल्यावर ही सवय मी लपवून ठेवायला लागलो. ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, होतो तिथे काहींचं म्हणणं असं की पुस्तकातून ठरवून केलेली प्रार्थना म्हणजे नुसता पाठ, त्यात आत्मा नसतो, खरी प्रार्थना आपोआप ओठावर आली पाहिजे. हे मला लागायचं. कारण मयतीला, आजाऱ्याच्या खाटेजवळ, तीन-तीन गावं फिरून दमल्यावर माझ्या ओठावर आपोआप काहीच यायचं नाही, यायची ती स्तोत्रंच. पाचव्या वर्षी तर असं वाटायला लागलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, सोडून द्यावं हे.

त्या वर्षी फेब्रुवारीत पाचगणीला पाळकांचं शिबिर होतं. एका खोलीत आम्ही सहा जण, सगळे अनोळखी. पहाटे पाचच्या आसपास मला जाग आली तर शेजारच्या खाटेवरचे विदर्भातले एक पाळक, अलायन्स चर्चचे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, चादर पांघरून बसलेले आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होते. कान दिला तर ८८वं स्तोत्र. दीडशेतलं सगळ्यात काळोखं स्तोत्र ते, बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारावरच संपतं. आपण होऊन कोण कशाला ते पहाटे म्हणेल? आणि मग डोक्यात लख्ख झालं, आज १७ तारीख. १७ची सकाळ म्हणजे ८६, ८७, ८८.

मी अंथरुणातूनच विचारलं, "संध्याकाळी ८९ ना, भाऊ?"

ते थांबले, वळून बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही पण?"

बाहेर धुकं होतं, चहा यायला वेळ होता, आम्ही व्हरांड्यात शाल गुंडाळून बसलो आणि बोलत राहिलो. त्यांच्याकडे हे आजोबांच्या एका फाटक्या पुस्तकातून आलेलं, त्यांच्या चर्चमध्ये कुणीच असं करत नव्हतं, त्यांनाही तेच ऐकावं लागलेलं. मी विचारलं, मन कोरडं असलं की काय करता? ते म्हणाले, "तेव्हा तर जास्तच म्हणतो ना बाप्पा. ८८ मला लागू नसलं तरी माझ्या मंडळीत कुणाला तरी आज लागू आहेच, त्याच्या वतीनं म्हणतो." माझे डोळे भरून आले. पाच वर्षं मी जे कमीपणाचं समजत होतो ते हा माणूस सेवा म्हणून करत होता.

घरी गेल्यावर मी तो तक्ता खोलीतून काढून चर्चच्या दारात लावला. सुरुवातीला दोन म्हाताऱ्या बाया यायच्या पहाटे, आता दहा-बारा जण असतात.

त्यांचा-माझा फोन फारसा होत नाही, नुसते आकडे पाठवतो एकमेकांना. मागच्या वर्षी त्यांच्या मिसेस दवाखान्यात होत्या, २७ तारीख होती, संध्याकाळी मी फक्त "१३०" लिहून पाठवलं, पहारेकरी पहाटेची वाट बघतात ते स्तोत्र. रात्रभर उत्तर नाही. सकाळी सहाला मेसेज आला, "१३२".

म्हणजे २८ची सकाळ त्यांनी सुरू केली होती.