हॉलची वही

४ फेब्रुवारी

आज मराठा दिन. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, तो दिवस लष्कराची मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट पाळते. तिच्या बेळगावच्या सेंटरमध्ये मोठा थाट असतो. आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात माजी सैनिकांच्या हॉलवर झेंडा, फोटोंना हार, 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' आणि मग उप्पीट-चहा.

चहा पिता पिता अध्यक्ष सुभेदारकाकांनी परत विचारलं, "स्मरणिकेचं कुठवर आलं?" संघटनेचा आणि हॉलचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. शाळेत शिकवतेस, बाबा तुझे पलटणीतले, मग तूच लिही की गं, एवढंच कारण.

त्यांना लढाया हव्यात, आणि त्या आहेतही. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी घातलेल्या कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. रसद संपली तरी घोड्याचं मांस खायला आपले लोक बरेच दिवस तयार नव्हते. पुढे कैदेत वाळवंटातून पायपीट, त्यात कितीतरी गेले. (७ डिसेंबरलाच आता आपण सैनिकांच्या निधीसाठी ध्वजदिनाचे डबे फिरवतो. योगायोगच, पण मला तो दरवर्षी आठवतो.) भिंतीवर इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आहेत. दोघंही बेळगावकडचे नव्हेत, तरी हार आधी त्यांना. १९७१ ला रेजिमेंटच्या पहिल्या, 'जंगी' पलटणीनं आजच्या बांगलादेशातलं जमालपूर घेतलं, तो विषय निघाला की सभा लांबते.

पण संघटनेच्या इतिवृत्ताच्या वह्या वाचायला घेतल्या आणि त्यांत लढाई कुठंच सापडली नाही. ७१ नंतर पेन्शनीत आलेल्यांनी संघटना काढली. पहिल्याच सभेचा ठराव असा, की दर रविवारी एकानं चावडीवर बसून विधवांचे अर्ज लिहून द्यायचे. हॉलची कल्पना त्यातून आली, कारण पावसाळ्यात चावडी गळायची आणि कागद भिजायचे. स्मारकाची फरशी मागाहून बसली. दगड वाहिले बायकांनी, हे मला आईनं सांगितलं. वहीत फक्त 'श्रमदान' एवढंच आहे.

खरा इतिहास मला त्या अर्जांत दिसतो. नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या पुस्तिकेत, बाईचं नाव इंग्रजीत, कारकुनाला ऐकू आलं तसं. शाळेचा दाखला असलाच तर मराठीत. रेशन कार्ड कन्नडमध्ये. लक्ष्मीबाई, लक्षुमी आणि लक्ष्मव्वा या तीन बायका नसून एकच आहे, हे पटवून देता देता तिची वर्षं जातात. आता सगळं फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर आलं, तरी आधार आणि पीपीओतलं (पेन्शनच्या आदेशातलं) नाव जुळलं नाही की गाडी तिथंच अडते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला हॉलवर रांग लागते, तेव्हा पोर्टलवर नावं भरायला नातवंडं बसतात.

वह्या मराठीत असल्या तरी सभासद सगळे मराठी नाहीत. कन्नड बोलणारे फौजी पहिल्यापासून आहेत. सभेत सगळे फौजी हिंदीत भांडतात, त्यामुळे कुणाचंच व्याकरण वर चढत नाही. आणि एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्य झालं त्या तारखेला, एकाही वर्षी सभा नाही. गावात महाराष्ट्रात जायचं राहिलं म्हणून मराठी लोकांचा काळा दिवस, कन्नड लोकांचा राज्योत्सव. हॉलला त्या दिवशी कुलूप. तसा ठराव कधी झालेला नाही, पण चुकूनसुद्धा कुणी किल्ली मागितलेली नाही. हा शहाणपणा विधानसभांनी शिकावा असा आहे, पण स्मरणिकेत तसं लिहू देणार नाहीत.

मी अर्जांचं प्रकरण पुढं घेतलं, कूट एका पानात उरकलं. काकांना ते पटेना. "जाहिराती लढायांवर मिळतात, पेन्शनीवर कोण देणार?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, छपाईचा खर्च मलाही माहीत आहे. शेवटी हवालदारमामांनी तोडगा काढला. लढाया रंगीत पानांवर, वही काळ्यापांढऱ्या पानांवर. पण वही पुढं आणि दगड वाहणाऱ्या बायकांची नावं आठवतील तेवढी घालायची, हे मी वदवून घेतलं. नावं कुठल्या कागदावरची घ्यायची, यावर आता पुढच्या रविवारी सभा.