डेअरीच्या कार्डावरचं वजन

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर पडून अंगात पाणी साठणाऱ्या, पेशंटच्या फाईलवर ‘औषधे नियमित घेत नाहीत’ असा शेरा पुष्कळदा दिसतो. मी कोल्हापुरात हृदयरोग विभागात नर्स आहे. डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावून सांगणं आणि नंतर फोनवर चौकशी करणं हे माझं काम. तो शेरा वाचला की मला राग येतो, कारण गोळी का चुकली हे त्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं.

धामणी खोऱ्यातल्या एका मावशींचं सांगते. वय साठीच्या पुढं, घरी दोन म्हशी, थोडं भाताचं रान. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ ३० टक्के. हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरतो, पण एका ठोक्याला त्यातलं जेमतेम ३० टक्के बाहेर ढकलतो. चांगल्या हृदयात हा आकडा ५५ च्या पुढं असतो. मावशी दोनदा ॲडमिट झाल्या. दोन्ही वेळा रात्री, शेजाऱ्याच्या जीपमधून, आडवं होता येईना म्हणून बसूनच आणलेलं. पाय तट्ट सुजलेले.

दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांचा कागद बाजूला ठेवून मी म्हटलं, “मावशी, उठल्यापासनं झोपेपर्यंत काय काय करता ते सांगा.”

साडेचारला उठायचं, शेणघाण, धार, सहाला दूध डेअरीत. भाकऱ्या थापून नऊला रानात. तिथं चार बायकांबरोबर भांगलण. आम्ही लघवीची गोळी लिहिली होती सकाळी आठची. ही गोळी, टॉर्सेमाइड, घेतल्यावर तासाभरात लघवीला लागायला सुरुवात होते आणि पुढचे दोन-तीन तास जोर असतो. म्हणजे नेमकं रानात असताना.

“बांधावर कुठं बसू सारखं सारखं? गडीमाणसं असत्यात तिथं,” मावशी म्हणाल्या. म्हणून कामाच्या दिवशी त्या गोळी रात्री घ्यायच्या. मग रात्रभर उठबस, झोप नाही. शेवटी सोडूनच दिली. कोल्हापूरला यायच्या दिवशी तर एसटीच्या धास्तीनं घेतच नव्हत्या.

या बाईला निष्काळजी म्हणायचं? डॉक्टरांना विचारून आम्ही ती गोळी पहाटे पाचला आणली, उठल्या उठल्या. रानात जाईपर्यंत तिचा जोर ओसरतो. प्रवासाच्या दिवशी घरी परतल्यावर दुपारी घ्यायची, फक्त संध्याकाळनंतर नको. एवढ्यानं ती गोळी पुन्हा सुरू झाली.

बाकीच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा होता. लघवीची गोळी सूज आणि दम उतरवते, ते माणसाला जाणवतं. पण आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या दुसऱ्याच: बिसोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन. त्या घेतल्या काय, न घेतल्या काय, आठवडाभर काहीच कळत नाही. त्यातली डापाग्लिफ्लोझिन ‘साखरेची’ म्हणून ओळखली जाते. मावशींना साखर नाही, मग ही कशाला, म्हणून मुलानं ती परस्पर बंद केली होती. साखर नसली तरी कमजोर हृदयाला तिचा फायदा होतो, हे २०१९ च्या डापा-एचएफ अभ्यासापासून पक्कं झालंय. मुलाला तसं समजावलं, त्याला पटलं.

मिठावर मात्र बराच वेळ गेला. मावशींनी आमटीतलं मीठ खरंच कमी केलं होतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी वर्षभर टिकते, ती मिठावरही टिकते. वर भाकरीबरोबर खर्डा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, हे गणित तिथंच मोडायचं. सुनेनं त्यांच्यापुरतं बिनमिठाचं तिखट वेगळं काढायचं कबूल केलं. मुलगा लो-सोडियम मीठ आणणार होता, त्याला मी ठामपणे थांबवलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना रक्तातलं पोटॅशियम वाढणं जिवावर बेतू शकतं.

रोज वजन करा म्हटल्यावर मावशींनीच तोड काढली. “डेअरीत पेंडीच्या पोत्यांचा काटा हाय की.” दूध घालून झालं की रिकामी किटली खाली ठेवून त्या काट्यावर उभ्या राहायच्या आणि डेअरीचे सेक्रेटरी दुधाच्या कार्डावर लिटर आणि फॅटच्या शेजारी त्यांचं वजन लिहायचे. रोज तीच वेळ, पोटात काही नाही, लघवी होऊन गेलेली. इतकं शिस्तीचं वजन शहरातल्या बंगल्यातही होत नाही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की अंगात पाणी साठतंय असं समजायचं आणि दमाची वाट न बघता फोन करायचा, एवढं ठरलं.

आषाढात, भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत, सुनेचा फोन आला. तिनं कार्डावरचे आकडे वाचले: ४७.२, ४७.९, ४८.६, ४९.४. दम नाही, म्हणाली, मावशी दारात भांडी घासतायत. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बोलावलं.

रंकाळा स्टँडवरनं रिक्षानं आल्या आणि आपल्या पायांनी चालत ओपीडीत शिरल्या. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडत होता. गोळ्यांची पाकिटं मोजली, एकही चुकलेली नव्हती. चटणीही बिनमिठाचीच. मग पाणी कुठनं साठलं?

मी विचारलं, “लावणीनं गुडघे धरले असतील ना, मावशी?”

त्यांनी कमरेची चंची सोडली. आत दुकानातनं आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, निम्मं पाकीट संपलेलं. सकाळ-संध्याकाळ एक. “ती काय हार्टची न्हवं, अंगदुखीची हाय,” म्हणून त्यांनी सांगितलीच नव्हती. अशा वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी होतो. कमजोर हृदयाला तेवढं पुरतं.

डॉक्टरांनी ती बंद केली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल दिली, टॉर्सेमाइड तीन दिवस दुप्पट केली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासायला रक्त घेतलं. रिपोर्ट ठीक आले. ॲडमिट करायची गरज पडली नाही. दोन वेळा मध्यरात्री गुदमरत आलेली बाई या वेळी धारेच्या आत घरी पोचायचं म्हणून माझ्यामागं घाई करत होती. मला त्या दिवशी खूप आनंद झाला.

पूर आला की गगनबावडा रस्ता बंद पडतो, म्हणून जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्या आणि त्या पाकिटाच्या मागं, सुनेला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, न विचारता घ्यायच्या नाहीत अशा दुखण्याच्या गोळ्यांची नावं लिहिली. चौथ्या दिवशी तिचाच फोन: ४७.४, सूज उतरली, आता दुप्पट गोळी थांबवू का? डॉक्टरांना विचारून, पुन्हा पहाटे पाचला एकच, असं मी कळवलं.