रविवारची भरपाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे शाळेच्या इमारतीआधी बाईंचा ओटा आला. अमृतमहोत्सवाच्या अंकात शाळेबाहेरच्या ओट्याचं कौतुक बरं दिसेल का, कोण जाणे. पण माझं गणित सुटलं ते तिथेच.

1974 साली मी सातवीत होतो. बाई आम्हाला गणित आणि मराठी शिकवायच्या. राहायला अलिबागच्या इस्रायल आळीत, मागेन अबोथ सिनेगॉगपासून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरापासून, हाकेच्या अंतरावर. बाई बेने इस्रायली. हे मराठी बोलणारे ज्यू लोक आमच्या भागात शेकडो वर्षांपासूनचे. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा बाईंनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती, की ते गलबत आपल्याच आज्याने पाहिलं असावं असं मला वाटायचं.

शनिवारी बाई खडू हातात धरत नसत. शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी वेळापत्रकच तसं बसवलं होतं. बाईंना मात्र ती सवलत फुकट नको होती. रविवारी सकाळी नऊला, ज्यांचं गणित कच्चं त्यांनी ओट्यावर यायचं. फी नाही, हजेरी मात्र कडक. याला त्या ‘शनिवारची भरपाई’ म्हणत. नोकरीत होत्या तोवर आणि नंतर डोळे साथ देत होते तोवर ही भरपाई चालली. फळा भिंतीला टेकवलेला, आम्ही गोणपाटावर. आमच्या आळीतल्या दोन बायका तिथेच सही करायला शिकल्या, त्यांत माझी आई एक.

एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी ‘शनवार तेली’ असं कुजबुजलं. ते कोणीतरी म्हणजे मीच. कोकणातले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून पडलेलं ते नाव. बाई वळल्या. म्हणाल्या, “हो रे, आमच्या आज्याचा घाणा होता. शनिवारी बैलालासुद्धा सुट्टी असायची. तुझा बाप देतो का बैलाला सुट्टी?” वर्ग हसला. घरी जाऊन मी बाबांना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

बाबा पांढरा कांदा आणि वाल करायचे. पुढे दर वर्षी बाईंकडे शेरभर वाल पोचवणं माझ्याकडे आलं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुखवट्याचा दिवस त्यांच्यात बिरड्याचा सण म्हणून पाळतात, दिवसभर उपास आणि रात्री वालाचं बिरडं. एका कोळ्याच्या पोराने त्यांना प्रेमाने टोपलीभर चिंबोऱ्या आणून दिल्या होत्या. खवले नसलेलं त्यांना चालत नाही, हे त्याला काय ठाऊक! बाईंनी हसत टोपली घेतली आणि तो वळताच शेजारी दिली. मलिदा, म्हणजे त्यांचा देवाचे आभार मानण्याचा विधी, केला की मात्र गूळ-खोबऱ्याचे पोहे आमच्याही वाट्याला यायचे.

यजमान मुंबईला नोकरीत. शुक्रवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून दिवेलागणीच्या आत घरी पोचायचे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं बाईच करत. आणि शुक्रवारी शाळा सुटली की त्यांचं आणखी एक काम असे : माणसं मोजणं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एकेक कुटुंब इस्रायलला निघालेलं, दहा भरणं अवघड होत चाललं होतं. बाई घरोघर जाऊन कोण आहे, कोण गावाला गेलंय ते पाहत, रेवदंड्याला निरोप धाडत. त्या स्वतः त्या दहांत धरल्या जात नसत. मला हे आजही खटकतं. त्यांना खटकत होतं का, ते विचारायचं राहिलं.

बाईंचा थोरला मुलगा इस्रायलमधल्या लोदला गेला. त्याची पत्रं मराठीत येत, आणि बाई त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त करून मगच उत्तर लिहीत. एकदा त्याच्याकडे राहायला गेल्या, चार महिन्यांत परत. का आलात, असं विचारलं तर म्हणाल्या, “तिथे शनिवारी अख्खा देश बंद, आणि रविवारी शाळा! मी भरपाई करू कधी?”

बाई गेल्या त्या एका शुक्रवारी, रात्री. शब्बाथला दफन करत नाहीत, त्यामुळे रविवार उजाडला. धाकटा मुलगा ठाण्याहून आला होता, त्याने तिकडून माणसं आणली, दहा भरले. आम्ही जुनी मुलं सकाळीच जमलो होतो. कोणी सांगितलं नव्हतं, पण नऊ वाजता सगळे ओट्यावर होतो. पाय पोटाशी घेऊन, दाटीवाटीने.