थाई पत्नीला पुण्यात आणताना: लग्नाची नोंदणी, एक्स-2 व्हिसा आणि नावांची साखळी

माझी पत्नी थायलंडच्या ईशान्येकडच्या उबोन रात्चथानी प्रांतातली, मी पुण्याचा. लग्नाची नोंदणी तिकडे केली, एक्स-2 व्हिसावर (भारतीयाच्या जोडीदारासाठीचा व्हिसा) ती इकडे आली आणि पुढे ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी व्यक्तीला भारतात दीर्घकाळ राहू देणारं कार्ड) झालं. या वाटेवर कायदा फारसा आडवा येत नाही. आडवी येतात ती नावं. थाई जन्मदाखल्यावरचं नाव, ओळखपत्रावरचं, पासपोर्टवरचं, भाषांतरकाराने लिहिलेलं आणि आपल्याकडच्या ऑपरेटरने सवयीने टाइप केलेलं, ही सगळी शेवटपर्यंत एकच राहिली तर काम सरळ जातं. म्हणून इथे नावांबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

आधी लग्न कुठे नोंदवायचं ते ठरवा. भारतात करायचं तर विशेष विवाह कायदा, 1954. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य लागतं, ते मुलाच्या पत्त्यावर भागतं. नोटीस दिल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबायचं आणि मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. मुलगी अविवाहित असल्याचा थाई दाखला लागतो आणि तिच्या भारतातल्या मुक्कामात ते 30 दिवस बसावे लागतात. इथे लग्न झालं की तिने थायलंडला जाऊन आपल्या नोंदणी कार्यालयात ते कळवायचं असतं, त्या नोंदीला ‘खो रो 22’ म्हणतात. दुसरा मार्ग भारतीय दूतावासात, परदेशी विवाह कायदा, 1969 खाली. तिसरा थायलंडच्या ‘अम्फो’त, म्हणजे तालुक्याच्या कार्यालयात. बँकॉकमध्ये त्याला ‘खेत’ म्हणतात. आम्ही तिसरा निवडला आणि मुलीचे सगळे मूळ कागद थायलंडात असतील तर मी तोच सुचवेन. कागदात काही कमी निघालं तर ते तिथल्या तिथे मिळतं.

थाई लग्नात हातांवर शंखाने पाणी सोडण्याचा विधी असतो, भिक्खूंना दान असतं. सोहळा सुंदर असतो, पण कायद्याच्या दृष्टीने लग्न होतं ते नोंदणीनेच. व्हिसासाठी विधीचे फोटो जोडा, पण पुरावा म्हणून चालतं ते अम्फोचं प्रमाणपत्र.

अम्फोला मुलाकडून एक गोष्ट हवी असते: तो लग्नाला मोकळा आहे याची भारतीय दूतावासाची खात्री. बँकॉकचा दूतावास सुखुमवित रस्त्याच्या 23 नंबरच्या सोईत, म्हणजे गल्लीत आहे. तिथे जाण्याआधी भारतातून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र करून, त्यावर राज्य शासनाचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन घ्या. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. साध्या नोटरीच्या कागदावर विसंबून विमानात बसू नका. दूतावासाने दिलेल्या पत्राचं थाई भाषांतर करायचं आणि ते थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या वाणिज्यदूत विभागातून प्रमाणित करून घ्यायचं. हा विभाग बँकॉकमध्ये चेंग वत्थना रस्त्यावर आहे. उबोन, चियांग माई, सोंगख्ला इथेही त्याची कार्यालयं आहेत. नेहमीच्या मुदतीत एका शिक्क्याला 200 बाट, तातडीने हवं तर 400. तिथले कर्मचारी भाषांतर खरोखर ओळीने वाचतात. एखादं अक्षर चुकलं तर खूण करून कागद परत देतात, म्हणून भाषांतरकार जवळपासचाच धरलेला बरा.

अम्फोत नोंदणीला शुल्क नाही. दोन साक्षीदार आणि थाई येत नसेल तर दुभाषी न्या. अधिकारी विचारतात की आडनाव कोणतं वापरणार आणि मालमत्तेबद्दल काही नोंदवायचं आहे का. शेवटी दोन कागद मिळतात. ‘खो रो 3’ म्हणजे नक्षीदार प्रमाणपत्र, नवरा-बायकोला एकेक. ‘खो रो 2’ म्हणजे नोंदवहीचा उतारा, त्यात दोघांचे आईवडील, पत्ते आणि आडनावाचा निर्णय असतो. फ्रेम करायला पहिला, कामाला दुसरा. भाषांतर आणि साक्षांकन दोन्हींचं करा: आधी इंग्रजी भाषांतर, मग थाई मंत्रालयाचा शिक्का, शेवटी भारतीय दूतावासाचा. हा क्रम बदलून चालत नाही.

आता नावं. थायलंडमध्ये पहिलं नाव बदलणं अगदी सर्रास आहे. ज्योतिषाने सांगितलं, आजारपण आलं, नोकरी लागेना, की अम्फोत जाऊन नाव बदलतात. त्याचा दाखला ‘छो 3’. जन्मदाखल्यावर मात्र जुनंच नाव राहतं. त्यामुळे जन्मदाखला जोडायचा असेल तर त्यासोबत प्रत्येक ‘छो 3’ लागतो, आणि प्रत्येकाचं भाषांतर आणि शिक्का. दोनदा नाव बदललं असेल तर दोन दाखले. घटस्फोट झाला असेल तर ‘खो रो 7’. हे सगळे कागद टेबलावर तारखेप्रमाणे ओळीने मांडा आणि एका कागदावरचं शेवटचं नाव पुढच्या कागदावरच्या पहिल्या नावाशी जुळतंय का ते बोट ठेवून तपासा. मध्ये एक जरी दाखला गळला तर कारकुनाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका होतात.

स्पेलिंगचा प्रश्न वेगळाच. एकच थाई नाव रोमन लिपीत एकजण ‘सिरिपॉर्न’ वाचावं असं लिहितो, दुसरा सरकारी नियमाने ‘सिरिफॉन’ वाचावं असं. दोन्ही आपल्या जागी बरोबर. पण भारतीय अधिकाऱ्याला थाई लिपी वाचता येत नाही, त्याच्यासमोर फक्त रोमन अक्षरं असतात. भाषांतरकाराला पहिल्याच दिवशी पासपोर्टची प्रत द्या आणि पत्नीचं, तिच्या आईवडिलांचं, गावाचं स्पेलिंग स्वतः लिहून द्या. सगळ्या कागदांना तेच. तारखांकडेही लक्ष हवं: थाई कागदांवर बौद्ध संवत असतो. शकात 78 मिळवून आपण इसवी सन काढतो, तसे इथे 543 वजा करायचे. 2567 म्हणजे 2024.

आडनाव बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थायलंडमध्ये 2005 पासून लग्नानंतर स्वतःचं आडनाव ठेवता येतं. बदललं तर ‘छो 5’ दाखला, नवं ओळखपत्र, ‘थाबियन बान’ या घरनोंदवहीत दुरुस्ती, नवा पासपोर्ट, बँका, सगळं ओघाने आलं. आणि आपल्याकडे नेमकी उलटी सवय: आधारचा ऑपरेटर, बँकेतला माणूस, दवाखान्याचा काउंटर, सगळे न विचारता मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी त्याचं आडनाव टाकतात. प्रेमाने करतात, पण ते थांबवा. पासपोर्टवर जे आहे तेच आणि तेवढंच लिहा म्हणून दर वेळी सांगावं लागतं. पावती हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा.

एक्स-2 हा भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठीचा प्रवेश व्हिसा. जास्तीत जास्त 5 वर्षांचा मिळू शकतो, प्रत्यक्षात किती द्यायचा ते दूतावास ठरवतो. अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत, 2 बाय 2 इंचाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, लग्नाचे साक्षांकित कागद, नवऱ्याचा पासपोर्ट, त्याचं पत्र आणि भारतातल्या पत्त्याचा पुरावा द्यायचा. फॉर्म लांबलचक आहे. आईवडिलांची नावं आणि जन्मस्थळं, अंगावरची ओळखखूण, दहा वर्षांत पाहिलेले देश, सार्क देशांचा प्रवास, भारतातला आणि थायलंडमधला एकेक ओळखीचा माणूस. आईवडिलांची नावं थाबियन बानमधून उतरवा, आठवणीतून नको. ती पर्यटन व्हिसावर भारतात आलेली असताना त्या मुदतीतच लग्न झालं, तर व्हिसा इथेच एक्समध्ये बदलता येतो. एरवी पर्यटन व्हिसा बदलत नाही.

व्हिसा लागला की स्टिकर नीट वाचा. खाली नोंदणीबद्दल एक ओळ असते. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला येणाऱ्याने आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करायची असते. काही स्टिकरवर मात्र प्रत्येक मुक्काम 180 दिवसांच्या आत असेल तर नोंदणी नको असं लिहिलेलं असतं. कायमचं राहायचं असेल तर 14 दिवसच धरून चला. 1 सप्टेंबर 2025 पासून 1946 च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे, तेव्हा जुन्या माहितीतले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक तसेच्या तसे उचलू नका. ऑक्टोबर 2025 पासून विमानतळावरच्या कागदी कार्डाऐवजी ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. उतरण्याआधीच्या 72 तासांत तिने ते भरायचं. नवरा सासरी जाताना त्यालाही थायलंडचं डिजिटल कार्ड भरावं लागतं.

घरी पोचल्यावर पहिलं काम नोंदणीचं नाही, ज्याला आजवर सी फॉर्म म्हणत आले त्याचं. परदेशी व्यक्ती ज्याच्या घरी उतरते त्याने 24 तासांत तिची माहिती सरकारी पोर्टलवर द्यायची असते. हे फक्त हॉटेलांसाठी असतं असा समज पसरलेला आहे, पण घरमालकालाही ते लागू आहे, मग घरमालक तिचे सासरेच का असेनात. सी फॉर्मसाठी घरमालकाचं खातं वेगळं काढावं लागतं, ते ती येण्याआधीच काढून ठेवा.

मग ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणीचा अर्ज (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांचं प्रादेशिक नोंदणी कार्यालय). मुंबईत हे काम एफआरआरओकडे असतं, इतर जिल्ह्यांत पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे. आमचं काम पोलीस आयुक्तालयात झालं. सगळ्यात जास्त अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. महावितरणचं बिल वडिलांच्या नावावर, मुलाचं आधार जुन्या पत्त्याचं, आणि सून परदेशी: ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. अशा वेळी बिलासोबत वडिलांचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद लावा. भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारच करा आणि त्यात राहणारी म्हणून पत्नीचं नाव पासपोर्टच्या स्पेलिंगने घाला. व्हिसा इथे बदलायचा किंवा वाढवायचा असेल तर नवऱ्याचा हमीबंध द्यावा लागतो आणि स्थानिक पोलिसांचा अहवाल येतो. पोलीस घरी येऊन दोघांशी बोलतात, कधी शेजाऱ्यांनाही विचारतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलं की घोटाळा होत नाही.

निवास परवाना आल्यावर पत्ता बदलला, नवा पासपोर्ट घेतला तर ते पोर्टलवर कळवायचं. जुन्या पासपोर्टवर व्हिसा असेल तर प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत. थाई पासपोर्ट 5 वर्षांचा 1000 बाटना आणि 10 वर्षांचा 1500 बाटना मिळतो. इकडे यायच्या आधी 10 वर्षांचा काढला तर ही दगदग अर्ध्यावर येते. अर्जाआधीच्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलं की आधार काढता येतं, त्याची मुदत व्हिसाइतकीच. एक्स व्हिसावर नोकरी किंवा पगारी काम चालत नाही, घरून घेतलेल्या शिकवण्याही नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर स्वतः कमावलं तिला हे जड जातं, आणि नवऱ्याने लग्नाआधीच तिला हे स्पष्ट सांगायला हवं.

ते बंधन सुटतं ओसीआयने. नोंदणीकृत लग्नाला अर्जाआधी सलग 2 वर्षं झालेली असावी लागतात. अर्ज दोन भागांत ऑनलाइन भरून आपल्या भागाच्या एफआरआरओकडे जातो, भारतातून केला तर शुल्क 15,000 रुपये. सुरक्षा तपासणी होते, मुलाखत होते, म्हणून वेळ लागतो. एक्स-2 ची मुदत मधेच संपणार नाही असं बघा. ओसीआयवर नोकरी करता येते, निवास परवान्याची गरज राहत नाही. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं, हेही तिला आधीच माहीत असावं.

भारतीय नागरिकत्व 7 वर्षांच्या वास्तव्यानंतर मागता येतं, पण त्यासाठी थाई नागरिकत्व सोडावं लागतं. माहेरी जमीन असेल, आईवडील तिथे असतील तर मी त्या वाटेला जाणार नाही. ओसीआय घ्या आणि एक लक्षात ठेवा: जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्यांनी प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत त्याची प्रत, ताजा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं घोषणापत्र पोर्टलवर चढवायचं असतं. नव्या पासपोर्टवर स्पेलिंग एका अक्षराने जरी वेगळं आलं असेल, तर तो हातात घेण्याआधी तिथल्याच खिडकीवर बदलून मागा.