बोईसर ते झाई आणि परत : सपाट किनाऱ्यावर वाऱ्याच्या वेळा सांभाळत

पावसाळ्यानंतर सुरू केलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरींच्या तयारीतली ही फेब्रुवारीची नोंद आहे. या वेळी दिवसभराचा मार्ग बोईसरहून चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू, नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी असा करत झाईपर्यंत, आणि त्याच वाटेने परत, असा ठेवला होता. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर होते. झाई हे किनाऱ्यावरचे महाराष्ट्राच्या टोकाचे गाव, त्यापुढे गुजरातची हद्द लागते. या संपूर्ण मार्गावर चढ म्हणावा असा एकच, तोही डहाणूच्या खाडीवरच्या पुलाचा. म्हणूनच अनेक जण नवशिक्यांना हा मार्ग सुचवतात. माझे मत थोडे वेगळे आहे. हा मार्ग सोपा आहे, पण योग्य वेळी योग्य दिशेने गेले तरच, आणि ती वेळ समुद्र ठरवतो.

घाटात चढ संपला की उतार मिळतो आणि उतारावर पाय, पाठ, हात या सर्वांना आपोआप विश्रांती मिळते. सपाट किनाऱ्यावर ती मिळत नाही. तासन् तास पाय फिरवतच राहावे लागतात. त्यात समोरून वारा आला, तर तो न संपणाऱ्या चढासारखाच असतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाताना समोरून पंधराचा वारा असेल, तर अंगावर येणाऱ्या हवेचा वेग पस्तीस होतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो शांत हवेच्या सुमारे तिप्पट भरतो. तोच वारा पाठीमागून असेल, तर सायकलस्वाराच्या अंगावर हवा जवळजवळ लागतच नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, केवळ वेळ बदलल्याने सफरीचे स्वरूप पूर्णपणे बदलू शकते.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनीच शिकलेले आहेत. हा मार्ग आखताना तोच धडा उपयोगी पडला. रात्रभर जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हिवाळ्यात हा मतलई वारा अगदी मंद असतो आणि पूर्वेकडच्या वाड्यांमुळे तो रस्त्यापर्यंत आणखी क्षीण होऊन पोहोचतो. सकाळ उलटली की जमीन तापते, वारा पडतो, काही काळ पान हलत नाही, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपार चढते तसा तो पश्चिमेकडून वायव्येकडे सरकतो आणि जोरही धरतो. म्हणून उत्तरेचा प्रवास सकाळी पूर्ण करायचा, खारा वारा स्थिरावेपर्यंत झाईला किंवा बोर्डीला थांबायचे आणि दक्षिणेचा प्रवास दुपारी करायचा, असा माझा बेत होता. ज्यांना हा मार्ग डहाणूहून दक्षिणेकडे निघून करायचा आहे, त्यांनी परतीच्या दुपारी वायव्येचा वारा थेट छातीवर येईल हे गृहीत धरावे.

बोईसरचा औद्योगिक पट्टा अवजड वाहने वाढण्याआधी ओलांडला आणि उजाडता उजाडता चिंचणी गाठली. चिंचणीच्या शेजारीच तारापूर. अणुवीज केंद्रामुळे हे नाव १९६९ पासून देशभर परिचित आहे, पण गावात पोर्तुगीज काळातला किल्लाही आहे, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला होता. पुढे वरोर आणि वाढवणच्या बाजूला किनारा वाळूचा कमी आणि काळ्या कातळाचा जास्त आहे. ओहोटीला हा कातळ दूरवर उघडा पडतो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. सायकलस्वार म्हणून मला एवढेच सुचवायचे आहे की या पट्ट्यातल्या रस्त्यांची आजची स्थिती, रुंदी आणि रहदारी प्रत्येकाने आपापल्या नोंदीत तपशिलाने लिहून ठेवावी, कारण पुढच्या काही वर्षांत येथे जुनी माहिती उपयोगाची राहणार नाही.

वाटेतल्या कोळीवस्तीजवळ बोंबील वाळत घालण्याचे काम सुरू होते. उभ्या बांबूंमध्ये आडव्या दोऱ्या ताणलेल्या होत्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या उघड्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, म्हणजे एक या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला लोंबतो. गाठ नाही, खिळा नाही. माशाचे बारीक दातच एकमेकांना धरून ठेवतात. काम करणाऱ्या मावशींचे हात इतके सराईत होते की एक जोडी नीट पाहून होईपर्यंत पुढच्या चार-पाच जोड्या दोरीवर गेलेल्या असत. त्या दोऱ्यांवरूनच मी वाराही पाहिला. सकाळी बोंबील सरळ खाली लोंबत होते. दुपारी परतताना त्याच दोऱ्यांवरची प्रत्येक शेपटी आग्नेयेकडे कललेली होती.

वाऱ्याच्या अशा खुणा या मार्गावर ठिकठिकाणी मिळतात. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी लांबूनच दिसते, परंतु तिच्या धुरावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. तेवढ्या उंचीवरचा वारा आणि रस्त्यावरचा वारा यांची दिशा वेगळी असू शकते, विशेषतः मतलई वारा पडून खारा सुरू होण्याच्या वेळी. खाडीत नांगरलेल्या होड्यांवरची निशाणे अधिक विश्वासार्ह आहेत, कारण ती जवळपास आपल्याच उंचीवर फडकतात. पुलावर थांबून ती पाहावीत आणि मगच पुढचा वेग ठरवावा.

डहाणू ते बोर्डी हे सुमारे सतरा किलोमीटरचे अंतर या मार्गाचा गाभा आहे. नरपडपासून समुद्र डाव्या हाताला, मध्ये सुरूची झाडे आणि उजव्या हाताला चिकूच्या वाड्या, असा रस्ता बराच वेळ चालतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, आणि बागायतीची ही सलग हिरवाई टिकण्यात त्या अधिसूचनेचा वाटा आहे, असे माझे ठाम मत आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीच्या दाराशी घेतलेले दोन चिकू आणि मुठीभर खारे दाणे हे माझ्या अनुभवात पाकिटातल्या कोणत्याही ऊर्जापदार्थापेक्षा सरस ठरले आहे. गोड लगेच लागू पडते, मीठ घामाची भरपाई करते आणि पोट जड होत नाही.

बोर्डीचा किनारा उथळ आहे, ओहोटीला पाणी खूप आत जाते आणि ओली, घट्ट वाळू सायकल चालवण्याचा मोह पाडते. तो मोह टाळावा. खारी वाळू साखळीत आणि मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांत शिरली की उरलेला संपूर्ण प्रवास ती करकरत राहते. झाईच्या बंदरावर थोडे थांबून मी बोर्डीला परतले, जेवले, आणि सुरूच्या सावलीत वारा वायव्येला स्थिरावेपर्यंत विश्रांती घेतली.

परतीच्या प्रवासाबद्दल दोन बाबी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. पहिली उष्णतेची. वारा पाठीमागून असला की वेग सहज वाढतो, परंतु अंगावरून हवा फारशी वाहत नाही आणि घाम वाळत नाही. थकवा कमी आणि ताप जास्त, अशी ही अवस्था फसवी असते. तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी प्यावे. मी सकाळच्या जवळपास दुप्पट पाणी दुपारी प्यायले. दुसरी बाब जोडीने चालवण्याची. वारा पश्चिमेचा किंवा वायव्येचा असताना दक्षिणेकडे जाताना तो चालत्या सायकलवर उजव्या बाजूने येतो, त्यामुळे मागच्या सायकलस्वाराला आडोसा पुढच्याच्या मागे किंचित डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला मिळतो. हे सुरक्षित आहे. उत्तरेकडे जाताना मात्र आडोशाची जागा उजवीकडे, रहदारीच्या अंगाला येते. तेथे आडोशाचा विचार सोडून सरळ एका ओळीतच चालवावे.

सायकलमध्ये या खेपेला दोन बदल केले होते. आठ गिअरची ११ ते ३४ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, काढून ११ ते २८ ची बसवली. आधीच्या कॅसेटमध्ये १७ नंतर २० आणि २३ दात्यांच्या चकत्या होत्या. नवीमध्ये १७, १९, २१ अशा आहेत. सपाट रस्त्यावर सर्वाधिक वापर याच चकत्यांचा होतो, आणि वारा थोडा वाढला किंवा पडला की तेवढ्याच प्रमाणात गिअर बदलता आल्यामुळे मिनिटाला पेडलच्या ऐंशी ते नव्वद फेऱ्यांची लय दिवसभर टिकली. दुसरा बदल हँडलचा. लांब सफरीत करंगळी आणि अनामिका बधिर होत असत, म्हणून हँडल दोन सेंटिमीटर वर घेतले. त्यासोबत दर पंधरा मिनिटांनी सीटवरून उठून काही फेऱ्या उभ्याने मारण्याचा नियम पाळला, कारण उतार नसलेल्या रस्त्यावर शरीराला जागा बदलण्याची संधी आपणच द्यावी लागते. बोटे संध्याकाळपर्यंत ठीक राहिली. गावांतल्या पेव्हर ब्लॉकच्या तुकड्यांवर मात्र हादरे बसतातच. तेथे ३५ मिलिमीटरच्या टायरमधली हवा थोडी कमी ठेवल्याचा फायदा झाला.

घरी पोहोचल्यावर जेवणाआधी सायकल गोड्या पाण्याने धुतली, साखळी कोरडी पुसली आणि रात्रभर सुकू देऊन सकाळी तेल दिले. किनाऱ्यावरची खारी हवा वाळू न लागताही साखळीवर एका रात्रीत तांबूस थर आणते.

पुढची सफर रेवसहून अलिबाग, रेवदंडा, काशीदमार्गे मुरूडपर्यंत ठरवत आहे. तेथे समुद्र शेजारी असला तरी रस्ता अधूनमधून डोंगर चढतो, त्यामुळे ११ ते ३४ ची कॅसेट पुन्हा बसवेन आणि हँडल आहे तेवढ्याच उंचीवर ठेवेन. त्या पट्ट्यात दुपारचा वारा टेकड्यांमुळे कोठे अडतो आणि कोठे वळतो याची ज्यांनी नोंद ठेवली असेल, त्यांनी ती अवश्य कळवावी.