पोटातलं पोतेरं

पोतेरं हा शब्द आता नुसता टोमण्यापुरता उरलाय. जिवाचं पोतेरं झालं, साडीचं पोतेरं केलं. आमच्या मोठ्या मायचं, म्हणजे आजीचं, पोतेरं मात्र खरंखुरं होतं. जुन्या लुगड्याची चिंधी, फुटक्या मडक्यात कालवलेली पांढरी माती आणि शेण. पांझरेकाठच्या आमच्या धाब्याच्या घरात ती पहाटे उठून आधी चुलीतली राख काढायची, मग ती चिंधी चुलीवरून फिरवायची. आतून, वरून, भांडं टेकायच्या तिन्ही थानांवरून. कालची आमटी जिथं उतू जाऊन करपली असेल तिथं बोटानं दाबून जास्त माती. चूल ओली, काळसर आणि गुळगुळीत दिसायला लागली की थांबायची, सुकल्यावर मगच काडी लावायची.

मी एकदा विचारलं होतं की रोज कशाला एवढा खटाटोप? ती म्हणाली, "रोज पोतेरं करनं पडस भो, नही ते चूल तडकस." विषय संपला. मोठी माय एका प्रश्नाला एकच वाक्य द्यायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी माझंच पोट तडकलं. छातीखाली जळजळ, उपाशीपोटी कळ, रात्री दोनला उठून थंड दूध. घरात निदान तयारच होतं: ठेचा. धुळ्याच्या माणसाला पोटाचा त्रास झाला की पहिला आरोपी ठेचा, दुसरी शेवभाजी, तिसरं हिवाळ्यातलं भरीत. मीही गुन्हा कबूल करून टाकला आणि पंधरा दिवस मुगाची खिचडी खाल्ली. जळजळ तशीच.

शेवटी डॉक्टरांनी पोटात दुर्बीण टाकली. पडद्यावर माझं जठर दिसत होतं, ओलं, गुलाबी, चकचकीत. वळ्या वळ्या पडलेल्या. आणि मधूनमधून लाल ओरखडे. कुणी कंगव्यानं ओढावेत तसे. डॉक्टरांनी अल्सरच्या जंतूसाठी चिमूटभर तुकडा तपासायला पाठवला. तोच तो जंतू, जो बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानं १९८४ साली स्वतः पिऊन पाहिला होता आणि ज्याच्यासाठी त्याला व रॉबिन वॉरेनला २००५ चं नोबेल मिळालं. माझ्या तुकड्यात तो निघाला नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कसल्या घेता?"

गुडघेदुखीच्या. मेडिकलवरून आणलेल्या, चार महिने, सकाळ-संध्याकाळ, बऱ्याचदा नुसत्या चहावर. "मग ठेच्याला कशाला शिव्या देताय?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून मला एका गोष्टीचं कुतूहल लागलं. जठरात जे आम्ल तयार होतं ते साधंसुधं नाही, हायड्रोक्लोरिक आम्ल, फरशी घासायच्या आम्लाचं सख्खं भावंड. (आपण त्यालाच 'पित्त झालं' म्हणतो. खरं पित्त यकृतात होतं, पण हे नाव आता कोण बदलणार?) बोकडाची वजडी आपण खातो आणि पचवतो, म्हणजे दुसऱ्याचं जठर आपल्याला पचतं. मग स्वतःचं का पचत नाही?

हा प्रश्न जुना आहे. १७७२ साली लंडनच्या जॉन हंटर या शल्यवैद्यानं लिहून ठेवलं की काही प्रेतांमध्ये जठर स्वतःच्याच रसानं विरघळून भोक पडलेलं असतं. जिवंतपणी असं होत नाही, म्हणजे जिवंतपणातच काहीतरी राखण असली पाहिजे. वाचताना मला मोठी माय गेल्यानंतरची चूल दिसली. वर्षभर कुणी हात लावला नाही, आणि पावसाळ्यानंतर पाहिलं तर मधोमध भेग.

जठराच्या आतल्या पेशी अंगावर चिकट बुळबुळीत द्रवाचा थर धरून असतात. हा थर मिलिमीटरच्या पाव भागाहूनही पातळ. पण पेशी त्यात बायकार्बोनेट सोडत राहतात, खाण्याच्या सोड्यात असतं तेच. वरून आम्ल खाली झिरपतं, खालून सोडा वर येतो, आणि दोघं त्या थरातच एकमेकांना गाठतात. पोकळीत सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल तीव्र, एका अंकाला दहा पट) दोनच्या आसपास असला तरी पेशींच्या अंगालगत तो सातच्या जवळ असतो. एवढ्याशा जाडीत आम्लाच्या तीव्रतेत एक लाख पट फरक! आमच्या चुलीची भिंतही अशीच: आत निखारे, आणि बाहेरून मांजर टेकून झोपलेलं.

तरी पेशी मरतातच. पृष्ठभागावरच्या पेशी चारपाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. लहानसा ओरखडा पडला तर तिथं नवी पेशी जन्मायची वाट कुणी पाहत नाही. शेजारच्या पेशी चपट्या होऊन सरकतात आणि तासाभरात जागा झाकून टाकतात. बोटानं दाबून जास्त माती लावावी तशी. म्हणजे मला वाटायचं तसं जठर कणखर वगैरे काही नाही. नाजूकच आहे, फक्त कुणीतरी रोज पहाटे उठतंय.

त्या कुणाचं तरी नाव प्रोस्टाग्लँडिन. थर दाट ठेवणं, सोडा सोडायला लावणं, अस्तराखालचा रक्तपुरवठा चालू ठेवणं ही सगळी कामं या रसायनाच्या सांगण्यावरून होतात. जॉन व्हेन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञानं १९७१ साली दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या शरीरात हेच तयार होऊ देत नाहीत. गुडघ्यातल्या सुजेतही याचाच हात असतो, म्हणून दुखणं थांबतं. पण गोळीला गुडघा आणि पोट यांतला फरक कळत नाही. मी चार महिने पोतेरं करणारीलाच घरी बसवलं होतं.

मला सगळ्यात आवडला तो अमेरिकेतल्या आंद्रे रॉबर्ट यांचा १९७९ सालचा प्रयोग. त्यांनी उंदरांना आधी अगदी थोडं प्रोस्टाग्लँडिन दिलं, इतकं थोडं की आम्ल तयार व्हायचं त्यानं कमी होऊ नये. मग पोटात सोडलं काय? शुद्ध अल्कोहोल, तीव्र आम्ल, तीव्र अल्कली, आणि चक्क उकळतं पाणी. एरवी ज्यानं जठराची चाळण होते, त्यानं या उंदरांच्या अस्तराला खोल जखम झाली नाही. आम्ल कमी करणं हा एकच मार्ग नाही, अस्तरालाही बळ देता येतं, हे तेव्हा ठळकपणे पुढं आलं. पुढं त्यांना आणखी एक गंमत दिसली. आधी सौम्य अल्कोहोल किंवा पातळ आम्ल दिलं तर अस्तर स्वतःच सावध होतं आणि मागून येणारा तीव्र मारा सोसतं. हे वाक्य आमच्या गावातल्या दोनतीन मंडळींच्या कानावर जाऊ नये एवढीच इच्छा. अर्थ लगेच काढतील.

राहिला ठेचा. नंदुरबारला मिरचीच्या पथारींजवळून हिवाळ्यात गेलात तर अख्खी एसटी शिंकते. जमिनीवर लालभडक चादर, आणि तोंडाला फडकी बांधून मिरची परतणाऱ्या बायका. एवढी आग पोटात गेल्यावर काय होत असेल? १९८८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या जठरात वाटलेली हिरवी मिरची थेट सोडली आणि दुर्बिणीतून पाहिलं. अस्तराला दिसण्यासारखी इजा नव्हती. मिरची जाळत नाहीच मुळी. तिच्यातलं कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या त्या खुंटीला (रिसेप्टरला) जाऊन बसतं जी खऱ्या उष्णतेनं हलते, आणि मेंदूला वाटतं आग लागली. ही खुंटी १९९७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी शोधली. उंदरांवरच्या प्रयोगांत तर थोड्या कॅप्सेसिननं जठराचा रक्तपुरवठा वाढून अस्तराचा बचाव झालेला दिसला. फार झालं की तेच तंतू निकामी होतात आणि अस्तर उघडं पडतं, हेही खरं. शिवाय ज्याला आधीच जळजळ आहे त्याला मिरचीनं जास्त जाणवतं, ते मी स्वतः भोगलंय. पण ओरखडे तिनं काढले नव्हते. पंधरा दिवस तिला उगाच घराबाहेर काढलं होतं.

गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरांनी दिलेलं औषध दोन महिने घेतलं. गुडघा दुखतो, त्याला शेक देतो.

मार्गशीर्षात गावी भरीताचा बेत होता. स्वयंपाक आता गॅसवर, पण कळण्याच्या भाकरीसाठी मागच्या अंगणात काकूनं नवी चूल घातली आहे. पहाटे मी लवकर उठलो, मडक्यात माती कालवली आणि चिंधी फिरवायला बसलो. सवय नाही, हात थरथरत होता, थानावर गोळा जास्त बसला. चुलीतून ओल्या मातीचा वास येत होता. तुराट्या पुढं ओढून मी काडी पेटवणार, तेवढ्यात दारातून काकू ओरडली, "थांब रे भो, वली शे अजून. सुकू दे."