आमची वाटचाल : चाळणीपासून लेसरपर्यंत

भोसरी एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती पुडीच्या कणांचं माप तपासणाऱ्या चाचणीच्या चाळण्यांपासून. मेश म्हणजे जाळीच्या एका इंचातली भोकं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०० मेशचं भोक ७५ मायक्रॉनचं, ३२५ मेशचं साधारण ४५. पण रंगवाल्यांना आणि औषधवाल्यांना त्याहून कितीतरी बारीक पूड मोजून हवी असायची, आणि तिथे जाळी हात टेकायची. म्हणून लेसरकडे वळलो.

तत्त्व सरळ आहे. पाण्यात पसरलेल्या पुडीतून ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर किरण सोडायचा. मोठे कण प्रकाश लहान कोनात विखुरतात, बारीक कण रुंद कोनात. समोरच्या डिटेक्टरवर कुठे किती प्रकाश पडला, त्यावरून कणांचं माप काढायचं. अमुक मापाचा कण किती प्रकाश कुठे फेकेल, हे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ सालीच मांडून ठेवलंय. अवघड आहे ते उलटं जाणं, म्हणजे पडलेल्या प्रकाशावरून मापाकडे. डिटेक्टरच्या आकड्यांत किंचित गोंधळ असला, तरी उत्तरात नसलेले कण उगवतात. काही मापांचं प्रमाण तर चक्क शून्याच्या खाली जातं!

हा गोंधळ येतो साध्यासुध्या गोष्टींतून: काचेवरचा डाग, पाण्यातला बुडबुडा (यंत्राला तोही कणच वाटतो), पाण्याच्या तापमानातला फरक. त्यामुळे आधी नुसतं पाणी मोजून ते वजा करतो, मग बरीच रीडिंग घेऊन सरासरी काढतो. चौपट रीडिंग घेतली की अनियमित गोंधळ निम्म्यावर येतो.

उरलेलं काम सॉफ्टवेअरचं. प्रमाण ऋण येऊ द्यायचं नाही आणि कोणत्या मापाचे कण किती, हे दाखवणारा आलेख विनाकारण दातेरी होऊ द्यायचा नाही. पण फार गुळगुळीत केला, तर दोन शिखरांचं एक होतं आणि नीट न दळलेला जाडा माल त्यात लपतो. रंगाच्या थरावर तोच मग खरखरीत लागतो. इथे मी हट्टी आहे. मूळ आकड्यांत आधार नसलेलं शिखर आमच्या रिपोर्टवर छापलं जात नाही. आधार असेल तर ते पुसलंही जात नाही, ग्राहकाने कितीही गळ घातली तरी.

लेसरने कण मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ १३३२०. त्याच्या २००९ च्या आवृत्तीनुसार (२०२० मध्ये तिची जागा नव्या आवृत्तीने घेतली) पुन्हा पुन्हा मोजल्यावर डी५० (निम्मा माल ज्याहून बारीक असतो ते माप) मधला फरक ३ टक्क्यांच्या आत हवा होता, डी१० आणि डी९० (तसंच १० आणि ९० टक्के मालाचं माप) मधला ५ टक्क्यांच्या. १० मायक्रॉनखाली दुप्पट मुभा होती. आम्ही ती मुभा वापरायची वेळ येऊ नये, असंच सॅम्पल तयार करतो.

सध्या औषधांच्या सुईसारख्या स्फटिकांवर काम चालू आहे. गुस्ताव मी यांचं गणित कण गोल धरतं, म्हणून अशा रिपोर्टला सूक्ष्मदर्शकातला फोटो जोडल्याशिवाय मी सही करत नाही.